चौतीस नंबरच्या चौकोनातली चांदणी

नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली होती, आणि तुमचं चुकतंय असं तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. हेडमास्तरांचीसुद्धा. स्वभाव तापट, त्यात अनुभवाची घमेंड. लपवत नाही.

त्या वर्षी मेच्या सुट्टीत मुंबईहून एक प्राध्यापक नगरला आले. आभाळातून येणाऱ्या सूक्ष्म कणांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. मोठ्या फुग्याला बांधून पार उंचावर सोडलेल्या काचेच्या प्लेटा त्यांनी आणल्या होत्या. काचेवर फोटोच्या फिल्मसारखा मसाला, पण चांगला जाड. कण त्यातून गेला की बारीक काळी रेघ उमटते. तोच कण एखाद्या अणूच्या गर्भावर आदळला, तर एका ठिपक्यातून चहूकडे रेघा फुटतात. त्या खुणेला आम्ही चांदणी म्हणायचो. या चांदण्या मोजायला त्यांनी जिल्ह्यातले बारा जुने विज्ञान शिक्षक बोलावले होते. आपण खऱ्याखुऱ्या संशोधनात आहोत या विचारानेच माझी कॉलर ताठ झाली होती.

नियम साधा होता. एका प्लेटीला दोन माणसं. दोघांनी प्लेटीवर आखलेला एकेक चौकोन मायक्रोस्कोपखाली वेगवेगळा बघायचा, आकडे वेगळ्या कागदावर लिहायचे, एकमेकांना विचारायचं नाही. माझ्या जोडीला बेलापूरच्या एक बाई होत्या. नोकरी पंधरा वर्षांची, आवाज इतका हळू की वर्गात पोरं ऐकतात कशी याचंच मला नवल वाटे.

दहा दिवस आम्ही डोळे फोडून काम केलं. कागद द्यायच्या दिवशी सकाळी मी म्हटलं, बाई, एकदा ताडून बघू. दोन-तीन ठिकाणी फरक निघाला, तो मी मोठ्या मनाने माझ्या कागदावर दुरुस्त केला. पण चौतीस नंबरच्या चौकोनात त्यांनी एक चांदणी लिहिली होती आणि माझ्याकडे तिथं शून्य होतं. बाई म्हणाल्या, मी दोनदा पाहिलीय. माझं डोकं सटकलं. म्हटलं, धूळ असेल, खोडा. आकडे जुळले नाहीत तर जिल्ह्यात शोभा होईल. बाईंनी खोडरबर घेतला आणि खोडलं.

यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. शाळेत आम्ही हेच तर करत होतो. लंबक हलायच्या आधी पोरांच्या प्रयोगवहीत गुरुत्वाकर्षणाचं उत्तर तयार असायचं, नऊशे ऐंशी. ज्याचं नऊशे चाळीस येईल त्याला मी उभा करायचो.

दुपारी प्राध्यापकांनी कागद चाळले. बाहेर ऊन रणरणत होतं, प्लेटा तापू नयेत म्हणून खिडक्यांना ओली पोती लावलेली. सहाच्या सहा जोड्यांचे आकडे तंतोतंत जुळत होते. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"दोन माणसं वेगवेगळी बघतात तेव्हा थोडा फरक पडतोच," ते शांतपणे म्हणाले. "त्या फरकावरून मला कळतं, नजरेतून किती निसटलं. इथं फरकच नाही. हे कागद माझ्या काही कामाचे नाहीत."

कुणीतरी खाकरलं. प्लेटा परत मुंबईला न्याव्या लागतील, पुन्हा शिक्षकांकडे द्यायची हिंमत होणार नाही, असंही ते म्हणाले. सगळे जमिनीकडे बघत होते. बाई मात्र आपल्या कागदावरच्या खोडलेल्या जागेकडे बघत होत्या. मी गप्प बसलो असतो तर आम्हा बाकीच्यांबरोबर बाईही लबाड ठरल्या असत्या, आणि त्यांनी खरोखर पाहिलेली गोष्ट कायमची गेली असती. मी उठलो. बाईंना चौतिसाव्या चौकोनात चांदणी दिसली होती, ती मी दमदाटी करून खोडायला लावली, असं सगळ्यांसमोर सांगितलं. कान नुसते तापले होते.

प्राध्यापकांनी प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवली. दोघांनी पुन्हा बघा, म्हणाले, आणि चिठ्ठीवर लिहा. आधी बाईंनी पाहिलं, बराच वेळ. चिठ्ठी लिहून घडी घातली. त्यांनी फिरवलेला फोकसचा स्क्रू प्राध्यापकांनी पुन्हा मूळ जागी आणून ठेवला, मग मी बसलो.

काही दिसेना. स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे केला. ठिपके, एक-दोन आडव्या रेघा, बस्स. घाम डोळ्यांत उतरला. पाठीमागे अकरा माणसं श्वास रोखून उभी. मनात आलं, 'आहे' लिहून टाकावं. बाईंची भरपाई होईल, सगळे सुटतील. पेन्सिल कागदाला टेकलीसुद्धा. मग लक्षात आलं, बाबा रे, तू पुन्हा तेच करतोयस. मी लिहिलं, 'मला दिसत नाही.' लिहिताना बाईंचा पुन्हा एकदा गळा कापतोय असंच वाटलं.

प्राध्यापकांनी चिठ्ठ्या उघडल्या. बाईंची होती, 'आहे. पाच रेघा.' ते स्वतः बसले, स्क्रू हळूहळू खाली खाली नेत राहिले आणि थांबले. मग मला खुर्ची दिली.

होती. मसाल्याच्या अगदी तळाशी, स्वच्छ, पाच रेघांची. मी दहा दिवस नुसता वरचा थर बघत होतो. स्क्रू तळापर्यंत न्यायचा हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि नेमका तेव्हा मी शेजारच्या शिक्षकांना माझा मायक्रोस्कोपचा अनुभव ऐकवत होतो. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

प्राध्यापकांनी दोन्ही चिठ्ठ्या एकत्र टाचल्या. "एकाला दिसली, एकाला नाही," ते म्हणाले. "ही माझ्या उपयोगाची पहिली नोंद." आणि सगळ्या प्लेटा पहिल्यापासून बघायला त्यांनी आणखी दहा दिवस दिले.

बाईंनी आमची प्लेट उचलली, कोरा कागद घेतला आणि त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही त्या पलीकडच्या टेबलावर बसा."

मी माझी पेन्सिल घेतली आणि खोडरबर त्यांच्यापाशीच ठेवून पलीकडे जाऊन बसलो.