वादी जिभाऊ

जिभाऊ आकडा कधी तोंडाने उच्चारत नसत. वय विचारलं की समोरच्याचा हात ओढायचे, त्यावर खांद्यावरचं उपरणं टाकायचे आणि खालून बोटं दाबायचे. आयुष्यभर त्यांनी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दलाली केली, आणि तिथला जुना सौदा असाच होतो. एक बोट धरलं की एक, मूठ धरली की पाच. पुढची शून्यं ज्याची त्याने समजून घ्यायची. उपरण्याखालची किंमत तिसऱ्याला कळता कामा नये. पण शहाद्याची गाडी किती वाजता आहे हेही उपरण्याखाली सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ते माझे पक्षकार होते. पहिल्यांदा ऑफिसात आले तेव्हा खुर्चीवर न बसता त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. मधली दोन बोटं काठीसारखी ताठ होती. गावातल्याच भटूने ती मोडली होती. हा भटू घोड्यांचा व्यापारी, नात्याने त्यांचा चुलत पुतण्या. त्याची एक घोडी थंडीत मागचा पाय ओढायची. गुजरातकडचं गिऱ्हाईक आलं तेव्हा जिभाऊंनी उपरण्याखाली घोडीची खरी किंमत सांगितली आणि सौदा मोडला. संध्याकाळी घोडी टेम्पोत चढवताना जिभाऊंचा हात मागच्या लोखंडी दाराच्या, म्हणजे फाळक्याच्या कडेवर होता. भटूने फाळका आदळला.

"चुकून लागला," असं भटू सगळ्यांना सांगत होता, आणि गावातल्या चार शहाण्यांनी मध्ये पडून प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊच दिलं नव्हतं. जिभाऊ मला म्हणाले, "त्यानी पह्यले मन्हाकडे दखं, मंग फाळका आपटा. चुकीसन व्हतं तं मी इसरी जातू."

मी म्हटलं, अजूनही फौजदारी करता येईल. त्यांनी मान हलवली. फौजदारीत भांडण सरकारचं असतं, मार खाणारा नुसता साक्षीदार, हे त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. "माले साक्षीदार नही व्हनं, भाऊ. मार मी खादा. माले वादी व्हनं शे." मग नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावायचं ठरलं. मुद्दाम दुखापत केली, एवढी एकच ओळ त्यांना दाव्यात हवी होती. ती त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. बाकीच्या कागदाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

तारखेला वादी-प्रतिवादी एकाच जीपने यायचे. गावातून सकाळी दुसरी सोयीची गाडी नव्हती, शिवाय भटूला तारखा लक्षात राहत नसत. जिभाऊ त्याच्या दारात जाऊन हाक मारायचे, "ऊठ रे भटू, आपली तारीख शे." एकदा तर त्यांनी त्याच्यासाठी जीप थांबवून धरली. मी चिडलो. प्रतिवादी आला नसता तर आपलाच फायदा होता. ते म्हणाले, "तो नही उना तं मी कोनले इचारू?" त्यांचं हे असंच असायचं. दावा जिंकण्याची घाई मला होती, त्यांना नव्हती.

साक्षीचा दिवस मी विसरणार नाही. न्यायाधीश बाई होत्या, विदर्भाकडच्या, आमच्या भागात नव्याने आलेल्या. भटूच्या वकिलाने विचारलं, "आजोबा, हात मोडायच्या आधी वर्षाला किती कमवत होता?" जिभाऊंनी उपरणं काढलं आणि ते पिंजऱ्यातून खाली उतरून थेट न्यायासनाकडे निघाले. पट्टेवाला धावला. तोवर त्यांच्याच लक्षात आलं की बाईमाणसाचा हात धरायचा कसा. मग त्यांनी वळून बेंच क्लार्कच्या हातावर उपरणं टाकलं.

सगळे हसले. मीही हसलो. क्लार्क इकडचाच, बैलबाजारात वाढलेला. त्यानेही हसत हात पुढे केला आणि बाईंकडे बघून आकडा सांगितला. जिभाऊंनी मान हलवली. पुन्हा बोटं दाबली. क्लार्कने दुसराच आकडा सांगितला. तोही चुकीचा होता. ताठ झालेल्या दोन बोटांनी पकड बसत नव्हती, आणि जिभाऊ वाळूत भोवरा फिरवावा तसे परत परत तेच करत होते. आता कोणी हसत नव्हतं. शेवटी त्यांनी उपरणं काढून घेतलं, पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले आणि आकडा तोंडाने सांगितला. इतक्या हळू, की बाईंना पुन्हा विचारावा लागला. बाईंनी घडलं ते सगळं साक्षीत लिहून घेतलं. भटू मागच्या बाकावर खाली मान घालून बसला होता.

आता भटूचा उलटतपास राहिला होता. जिभाऊ त्या दिवसाची वाट बघत होते. "तुम्ही त्याले एकच इचारा. फाळका आपटाना आगोदर तू मन्हाकडे दखं का नही?" मी म्हणायचो, तो नाहीच म्हणेल. "म्हनू दे. पन मन्हासामने म्हनू दे." पण तारखा पडत गेल्या. कधी भटूच्या वकिलाची तब्येत बरी नसायची, मग बाईंची बदली झाली, नवे साहेब यायला वेळ लागला. थंडी सुरू झाली तसा जिभाऊंना खोकला जडला. एका तारखेला ते शाल गुंडाळून आले. पुढच्या तारखेला जीपमधून भटू एकटाच उतरला आणि जिभाऊ गेल्याचं मला त्याच्याकडून कळलं.

अंगावरच्या दुखापतीचा दावा दुखापत सोसणाऱ्या माणसाबरोबरच संपतो. शेताचा असता तर वारसांनी पुढे चालवला असता. हाताचा चालवता येत नाही. कोर्टाला तसं लिहून दिलं आणि सुमनकाकूंना, म्हणजे जिभाऊंच्या बायकोला सांगायला गावी गेलो. त्या धान्य पाखडत होत्या. सूप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मंग त्यानी मुद्दाम करं का चुकीसन, ते आते कोन ठरावी?"

"कोनीच नही, काकू."

"म्हंजे त्याले कोनी इचारावच नही?"

कायदा शिकल्याची एवढी चीड मला त्याआधी कधी आली नव्हती. चपला घालत होतो तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "मी इचारसू."

पुढच्या बाजारच्या दिवशी काकू ऑफिसात आल्या. भटू घोडीला खरारा करत होता, तिथेच जाऊन त्यांनी त्याला विचारलं होतं. आजूबाजूला लोक होते. खरारा हातात तसाच धरून तो म्हणाला होता, "हां काकू. मुद्दामच आपटा."

मी आनंदाने उठलोच. शेवटी कबूल केलं की, असं काहीतरी म्हणालोही.

"माले सांगीसन काय व्हयनं, भाऊ? मी तं त्यास्नं पह्यलाच दिनले मानेल व्हतं," काकू म्हणाल्या. "हाई त्यास्ले ऐकानं व्हतं."