चिंधाभाऊंचे बावीस दगड

कंपनीत मला सगळे मॅडम म्हणतात. कंपनीच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर मी फार्मासिस्ट. गोळ्या मोजून द्यायच्या आणि त्या कधी घ्यायच्या हे चारचारदा सांगायचं, एवढंच माझं काम. पण गाडीचे ड्रायव्हर चिंधाभाऊ पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणाले. कुणी न सांगता म्हणाले, म्हणून मला ते फार आवडलं.

चिंधाभाऊ मूळचे साक्रीकडचे. वीस वर्षांपूर्वी सिल्वासाला आले, धाग्याच्या खात्यात मशीनसमोर बारा वर्षं उभे राहिले आणि डाव्या कानाची ऐकू येण्याची शक्ती तिथेच ठेवून ड्रायव्हर झाले. सिल्वासातल्याच आमलीत एका खोलीत ते आणि त्यांची बायको केसरबाई राहतात. मंगळवारी केसरबाई डब्यात माझ्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची एक भाकरी जास्त घालायची. टोकरखाड्याला माझ्या घराजवळ मला गाडीत घेतलं की चिंधाभाऊ आधी डबा दाखवायचे, मग गाडी सुरू करायचे.

मंगळवारी आमची गाडी खानवेलवरून दुधनीला जाते आणि दुधनीच्या पुढे, धरणाच्या पाण्याकाठी, अकरा घरांच्या एका पाड्यावर. त्या पाड्याआधी मोठा नाला आहे. त्याला वळसा घालायचा तर अकरा किलोमीटर नुसते खड्डे. जवळून जायचं तर सोमीबेन नावाच्या म्हातारीच्या अंगणातून, तिच्या खळ्याच्या कडेने. शेणाने सारवलेलं लख्ख खळं, आणि अंगणाच्या तोंडाशी आडवा बांबू.

चिंधाभाऊंनी तिला वाट कधी मागितली नाही. दोन महिने ते नुसते उतरायचे, तिच्याकडचं पाणी प्यायचे, चार शब्द बोलायचे आणि वळसा घालून जायचे. तिसऱ्या महिन्यात सोमीबेनने स्वतःच बांबू सरकवला.

"तू जा," ती म्हणाली. "दुसऱ्याला नाय."

चिंधाभाऊंनी शब्द दिला. मग नाल्यातले बावीस चपटे दगड वेचून आणले आणि अंगणात दोन ओळींत बसवले, चाकं दगडांवरून जावीत आणि सारवण उखडू नये म्हणून. दर वेळी ते चपला काढायचे, बांबू उचलायचे, गाडी दगडांवरून पलीकडे न्यायचे आणि परत येऊन बांबू जागेवर ठेवायचे. सुरुवातीला मी घड्याळ बघत बसायची. नंतर मीही चपला काढून बांबूचं दुसरं टोक धरायला लागले.

आता माझ्या नवऱ्याबद्दल. हृषीकेश आमच्याच कंपनीत मेंटेनन्स मॅनेजर आहे. रविवारी डांबरी रस्ता सोडून जीप कुठेतरी घुसवायची हा त्याचा आणि त्याच्यासारख्या चाळीस जणांचा छंद. कंपनीने गाडीसाठी टॅब्लेट दिला तेव्हा तो बसवायलाही हृषीच पुढे. दुधनीपुढे रेंज नसते, पण नकाशा आधी उतरवून ठेवला की गाडीचा ठिपका त्यावर सरकत राहतो. नकाशात रस्ता नसेल तर गाडी जाईल तशी रेघ उमटते. चिंधाभाऊ रजेवर गेले तर बदली ड्रायव्हर अडणार नाही, असं हृषी म्हणाला. यात वावगं काय होतं? मला तर नवऱ्याचं कौतुकच वाटलं.

"ताई, तुमच्या गोळ्या पन टॅब्लेट आन् हे पन टॅब्लेट," चिंधाभाऊ म्हणाले. "हे जेवनाआधी घ्यायचं का नंतर?"

पण बांबूपाशी आल्यावर त्यांनी गाडी थांबवली. "ताई, आता हे बंद करा. इथली रेघ नको. मी तिले शब्द देयेल आहे."

बंद कसं करायचं ते मला येत नव्हतं. संध्याकाळी हृषीला विचारलं. त्याने मान वर न करताच सांगितलं, "अगं, ऑफलाइन आहे ते. कुठे जाणार?"

पुढच्या मंगळवारी मी मोठ्या शहाणपणाने ते चिंधाभाऊंना समजावलं. ऑफलाइन म्हणजे इथलं इथेच राहतं, डब्यातलं डब्यात, बाहेर काही जात नाही. त्यांनी टॅब्लेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही म्हनता म्हनजे झालं," ते म्हणाले.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी बांबू जागेवर नव्हता. तिथे काटेरी फांद्यांचा ढीग होता. पलीकडे खळ्यावर रुंद टायरांचे पट्टे उठले होते आणि वाळत घातलेली नागली मातीत दळली गेली होती. सोमीबेन ओट्यावर बसली होती, उठली नाही.

रविवारी चौदा जीपा आल्या होत्या. ती आडवी उभी राहिली, तर एकाने उतरून तिला मोबाइल दाखवला. आजी, हा रस्ता आहे, नकाशात आहे, बघा.

"माझाच आंगन मला दाखवत होता," सोमीबेन म्हणाली. मग चिंधाभाऊंना म्हणाली, "तू सांगितला. तुझ्याबिगर कोन सांगेल?"

तिने काट्यांच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे दगड नीट रचून ठेवले होते.

"तुझे दगड घेऊन जा."

त्यांनी चपला काढल्या आणि एकेक दगड उचलून गाडीत आणायला लागले. मी एकाला हात लावला तर म्हणाले, "राहू द्या." बावीसच्या बावीस त्यांनी एकट्याने भरले. मग टॅब्लेट उघडला आणि बोटाने नकाशा मोठा केला. सोमीबेनच्या अंगणावरून निळी रेघ गेली होती. रेघेवर मराठीत नाव होतं. त्यांनी ते सावकाश, अक्षर लावून वाचलं.

"सोनाली कट."

सोनाली माझं नाव.

"मला यातलं काही माहीत नाही, भाऊ," मी म्हणाले.

"नाव तर तुमचंच आहे," ते म्हणाले.

घरी जाऊन मी हृषीला धारेवर धरलं. रविवारी चौदा जीपांच्या पुढे तोच होता. वर म्हणतो, "सरप्राईज होतं गं. नकाशात बायकोचं नाव कोण घालतं?"

"ऑफलाइन आहे म्हणालास."

"तिथे ऑफलाइनच होतं. कंपनीच्या वाय-फायवर आल्यावर सगळं वर जातं. एवढं कळत नाही तुला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाही, मला नव्हतं कळत. मी विचारलं होतं, त्याने सांगितलं होतं, आणि मी ते जसंच्या तसं एका भल्या माणसाला सांगितलं होतं. नवऱ्याने केसाने गळा कापला, आणि तोही माझ्याच हातून, चिंधाभाऊंचा. हृषीने नाव पुसलं. रस्ता आता सगळ्यांच्या नकाशात गेलाय, तो पुसता येत नाही म्हणाला. मग त्याने जेवायला काय आहे ते विचारलं.

मी चिंधाभाऊंना सगळं खरं सांगितलं. नवऱ्याची बाजू झाकली नाही, माझीही नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या घरातली गोष्ट आहे ती." सोमीबेनकडे मी एकटी जाऊन आले. तिने पाणी दिलं. चिंधाभाऊंचा विषय काढला तशी ती उठून आत गेली.

आता आम्ही वळशाने जातो. पाड्यावर पोहोचतो तोवर निम्मी माणसं जाळी घेऊन पाण्यावर गेलेली असतात आणि त्यांच्या गोळ्या माझ्याकडेच राहतात. दगड अजून माझ्या बाकाखाली आहेत, प्रत्येक खड्ड्यात वाजतात. टॅब्लेट चालू ठेवायचाच, असा ऑफिसचा हुकूम आहे.

नाल्याआधीच्या फाट्यावर त्यातली बाई म्हणते, डावीकडे वळा. चिंधाभाऊ सरळ जातात. ती म्हणते, तुम्ही रस्ता चुकला आहात. दोन खड्डे जातात, ती पुन्हा तेच म्हणते.

"मॅडम," चिंधाभाऊ समोर बघत म्हणतात, "तेवढा आवाज कमी करता का?"