लक्ष्मणाच्या गोळ्या कुणी बंद केल्या

लक्ष्मण माझा धाकटा भाऊ. मागच्या डिसेंबरात गेला. आता पै-पावणे सगळे म्हणत्यात, डोक्याच्या गोळ्या खाऊन खाऊन मेंदू कुजला, म्हणून गेला. आमचा थोरला भाऊ नागोजी अण्णाच तसं सांगत फिरतोय. लक्ष्मणाजवळ मी होते. काय झालं ते मी सांगते.

आमी अळणावरकडचे. लक्ष्मण मिसरूड फुटायच्या आत हुबळीला आला आनि दाजीबानपेठेत कापडाच्या ठोक दुकानात लागला. ठाण उलगडून दाखवायचं, परत घडी घालायचं, हेच काम. घडी अशी घालायचा की उलगडलं होतं की न्हाई कळायचं न्हाई. माझा नवरा वारल्यावर माझ्याकडंच राहायला आला. मी भाकऱ्या करून खानावळींना देते. हा सकाळी भाकऱ्यांची बुट्टी सायकलवर पोचवायचा आनि मग दुकानात जायचा.

बोलायला लई नमुनेदार. माणूस दिसला की त्याला कापडाचं नाव ठेवायचा. मला म्हणायचा, "अक्का, तू मांजरपाट. रंग न्हाई, रूप न्हाई, पण फाटत न्हाईस." अण्णाला म्हणायचा टेरीकॉट. "कितीबी धुवा, सुरकुती पडत न्हाई." अण्णाला ते कळलं होतं. हसला न्हाई.

मग त्याला दुखणं लागलं. दुकानातला पंखा आपल्याबद्दल बोलतोय म्हणायला लागला. झोप गेली, जेवण गेलं. एक दिवस रस्त्यावर ठाणं टाकून पळाला. धारवाडच्या दवाखान्यात नेलं, गोळ्या चालू झाल्या, आनि तो बरा झाला. हे मी मान्य करते. गोळ्यांनीच बरा झाला.

पण त्या गोळ्यांचं पण एक असतंय. अंग सुटलं. तोंडातनं लाळ यायची, हात थरथरायचे, उभ्या उभ्या झोपायचा. घडी वाकडी पडायला लागली. मालक चांगला होता, त्यानं काढलं न्हाई, मागं गोदामात बसवलं. कापडाची नावं ठेवायचं पण बंद झालं. अशी कितीतरी वर्षं गेली. एकदा मला म्हणाला, "अक्का, मी बरा हाय की नुसता गप हाय?"

तर त्यानंच धारवाडच्या डॉक्टर बाईंना विचारलं, गोळी कमी होईल काय म्हणून. बाई कन्नडच बोलायच्या. त्यांनी हो म्हटलं, पण मला समोर बसवून सांगितलं, "अवसर माडब्याडरी अक्कारं, सावकाश आगली." घाई करू नका, हळूहळू होऊ दे. थोडी कमी करायची, कित्येक आठवडे तेवढ्यावरच थांबायचं, बघायचं, मग आनि थोडी. सोसलं न्हाई तर मागं यायचं, त्यात लाज न्हाई. आनि झोप मोडली, जेवण सुटलं, एकटाच बोलायला लागला, की त्याच दिवशी घेऊन या. अचानक कधीच बंद करायची न्हाई. कधीच.

ते काम माझं झालं. गोळी मी हातावर द्यायची आनि झोप मी बघायची. पहिल्यांदा कमी केली तेव्हा लई ताप झाला त्याला. घाम सुटायचा, मळमळायचं, चिडायचा. "तू काय पोलीस हायस काय? आ कर म्हणतेस, जीभ वर कर म्हणतेस!" मी म्हणायची, "पोलीस तर पोलीस, आ कर." बाईंनी सांगितलं थांबा, आमी थांबलो. बसलं सगळं. मग परत थोडी. एकदा मागं पण आलो, परत वाढवली. असं करत करत वरीस गेलं, दुसरं लागलं.

आनि माणूस परत आला हो. लाळ थांबली. हात थांबला. मालकानं परत पुढं बसवलं. एकदा कोप्पीकर रोडला एक जाडा माणूस तंग शर्टात चाललेला, हा माझ्या कानात म्हणतो, "अक्का, उशीची खोळ." मी भर रस्त्यात हसले आनि रडले पण.

गोळी आता थोडीच राहिली होती. बाई म्हणाल्या होत्या, शेवटचीच पायरी अवघड असती, तिथं जास्त सावकाश.

तेवढ्यात अण्णाच्या पोरीचं, योगिताचं स्थळ ठरायला लागलं. अण्णा दर वर्षी डोंगरावरच्या अय्यप्पाच्या यात्रेआधी व्रताची माळ घालतो, त्यांची एक टोळी हाय. तो घरी आला आनि म्हणाला, "ह्या वर्षी लक्ष्मणाला पण माळ घालतो. स्वामीच्या पायाशी गेला की सगळं साफ होतंय. पावण्यांच्या कानावर गोळ्या-बिळ्या जायला नको."

मी म्हटलं, "माळ घाल की. गोळी चालू राहू दे."

"माळेत गोळी? पथ्याचं अंग हाय ते, भागी. पहाटेची थंड आंघोळ, एक वेळचं जेवण. त्यात तुझं इंग्लिश औषध कशाला?"

"बाईंना विचारूया."

"बाई काय देवापेक्षा मोठी काय?"

लक्ष्मणाला पण हौस. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला टोळीत घेत होतं. म्हणाला, "जातो अक्का. गोळी घेतो, तू काळजी करू नको."

माळ घातली की माणूस माणूस राहत न्हाई, स्वामी होतो. काळी लुंगी, अनवाणी पाय, आनि सगळ्यांनी स्वामी म्हणायचं, थोरल्यांनी पण वाकायचं. रागं भरायचं न्हाई. ते सगळे मांडव घालून तिथंच राहायचे, तिथंच रांधायचे. लक्ष्मण माझ्या घरात राहिला न्हाई. गोळ्यांचं पाकीट अण्णानं घेतलं. "माझ्याकडं दे, मी देतो वेळच्या वेळी."

मी भाकऱ्या टाकून मांडवात गेले. "लक्ष्मण, गोळी खाल्लास काय?"

अण्णा तिथनंच ओरडला, "स्वामी म्हण!"

"बरं बाबा. स्वामी, गोळी खाल्लासा काय?"

सगळे हसले. लक्ष्मण पण हसला, अण्णाकडं बघितलं, आनि मान हलवली. हो म्हणून का न्हाई म्हणून, मला कळलं न्हाई. अण्णा म्हणाला, "देतोय गं, देतोय."

पुढच्या खेपेला गेले तर वाळला होता. डोळे असे चमकायचे. मला "माता" म्हणाला. माळेत बायकांना माताच म्हणत्यात, पण त्यानं ओळख नसल्यासारखं म्हटलं. बाकीचे सांगायला लागले, "अक्का, भाऊ लई भाग्याचा. सगळ्यांच्या आधी उठतो. दिव्यापुढं तासन् तास बसतो. जेवणाकडं लक्ष न्हाई. स्वामी त्याच्याशी बोलतोय." बायका पाया पडायला यायच्या. एक बाई मुलाच्या नोकरीचं विचारत होती आनि हा तिला उत्तर देत होता.

झोप न्हाई, जेवण न्हाई, एकटंच बोलणं. बाईंनी मला जे जे बघायला सांगितलं होतं ते सगळं तिथं होतं, आनि लोक त्याला हार घालत होते.

मी अण्णाची लुंगी धरली. "खरं सांग. गोळी दिलास काय?"

"न्हाई दिली. पहिल्या दिवसापासनं न्हाई दिली. बघ की कसं तेज आलंय!"

मी तशीच बस धरून धारवाडला गेले. डॉक्टर बाई ऐकून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, आजच आणा, आत्ता आणा. मी परत आले. अण्णा म्हणाला, "माळ घातलेल्या माणसाला डोक्याच्या दवाखान्यात नेऊ? मुलीकडचे पावणे कालच मांडवात दर्शन घेऊन गेले. थोड्या दिवसात इरुमुडी बांधायची, डोक्यावर गाठोडं घेतलं की निघालो. आल्यावर बघू." मी लक्ष्मणाचा हात धरून ओढला. दोघा-तिघांनी मला बाजूला केलं. स्वामीला हात लावायचा नसतोय म्हणे. उद्या बाईंनाच इथं घेऊन येते असं ओरडून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला लक्ष्मण मांडवातनं निघाला. बोलावणं आलंय म्हणाला म्हणे. कुणी अडवलं न्हाई. कलघटगीच्या रस्त्याला लागला, अनवाणी. रस्त्याच्या मधनं चालला होता, धुकं होतं. चहाच्या टपरीवाल्यानं मला नंतर सांगितलं, "मी बघितलं अक्का. मी हात जोडून त्याला नमस्कार केला." आनि दोघांनी केला. वाटेत सगळ्यांनी नमस्कारच केला. हात धरून बाजूला कुणी घेतलं न्हाई. स्वामी हो. पुढं लॉरी आली.

दिवसकार्याला त्यांचे गुरुस्वामी आले, मुकुंदराव. म्हातारा माणूस, टोळीचा मोठा. मी त्यांना तोंडावर विचारलं, माळेत गोळी चालत न्हाई काय? ते म्हणाले, "कोण म्हणालं? मी स्वतः साखरेची गोळी घेतो, बीपीची घेतो. माळेत पण घेतो. मला एका शब्दानं विचारायचं होतं." अण्णा एवढी वर्षं त्याच माणसाच्या मागनं डोंगर चढतोय आनि एक शब्द विचारला न्हाई.

मला वाटलं आता तरी गप बसेल. न्हाई. महिन्यानं सगळीकडं तेच, गोळ्यांनी मेंदू कुजवला होता, पण शेवटी देवाच्या वेषात गेला, पुण्यवान.

नंतर एक दिवस अण्णा योगिताची पत्रिका घेऊन आला. "भागी, आत्या नसली तर लोक विचारतील. ये. पण जुनं काढू नको."

मी म्हटलं, "येते. एवढंच कर. मांडवात पावण्यांसमोर एकदा म्हण, गोळ्यांनी न्हाई गेला, मी गोळ्या दिल्या न्हाईत म्हणून गेला. एवढंच म्हण. सगळ्यांच्या आधी येऊन भाकऱ्या थापते."

"लग्नाच्या मांडवात असलं बोलतात काय?"

"मग कुठं बोलतोस सांग, तिथं येते."

पत्रिका खुर्चीवर ठेवून गेला. लग्न झालं. मी त्या दिवशी रोजच्यासारख्या खानावळीच्या भाकऱ्या केल्या.