शीतगृहातला अबोला

माझी आई तोंडाची फटकळ, पण एकदा का अबोला धरला की दगडाला पाझर फुटेल, तिला नाही. तिच्या तोडीस तोड घरात एकच बाई होती, माझी काकू. दोघी सख्ख्या जावा, एकाच शीतगृहात गोठवलेल्या मटारचे क्रेट रचायच्या. त्या आठवड्यात त्यांचं बिनसलं होतं. कारण काय, तर कुणीतरी धुतलेली चादर घडी न करता टाकली. तेवढ्यावरून आम्ही पोरं घरात निरोप पोचवत फिरत होतो.

शीतगृहात रीत अशी, की दार लावणाऱ्याने आधी आत हाक मारायची, "कोण आहे?" आणि आतल्याने ओ द्यायची. दार आतून उघडायची कडी कधीची तुटलेली. मालक नुसतं "बघू" म्हणायचा. त्यामुळे सगळ्यांचा जीव त्या हाकेवर टांगलेला.

त्या संध्याकाळी हाक मारली काकूने, आणि क्रेटच्या ढिगामागे होती आई. आईने ओ दिली नाही. येऊ दे की आत, बघू दे स्वतःच्या डोळ्यांनी, असं तिच्या मनात. दार धाडकन लागलं. बटण बाहेर, त्यामुळे दिवाही गेला.

मग मात्र तिने दारावर मुठी आपटल्या. पण दार हे एवढं जाड, वर पंख्यांची घरघर. फाटक्या हातमोज्यांत बोटं आधी ठणकली, मग ठणकायची थांबली. तेव्हा ती खरी घाबरली. तिथे बसलं की संपलं, हे त्या कामातल्या सगळ्यांना ठाऊक. अंधारात चाचपडत तिने या भिंतीचे क्रेट त्या भिंतीशी नेले, मग पुन्हा इकडे आणले.

घरी बाबांनी काकूला विचारलं, "ही आली नाही का तुझ्याबरोबर?" काकू अनवाणी पळत सुटली.

दार उघडलं तेव्हा आई उभी होती. हातातला क्रेट तिला सोडता येत नव्हता. जीव वाचला, उजव्या हाताची चार बोटं गेली.

काकू वेळेवर धावली म्हणून सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. पुढे एकदा भांडी घासता घासता ती मला म्हणाली, "क्रेट सरकल्याचा आवाज आला होता मला. म्हटलं, ओ देईल तेव्हा बघू. मग फाटकाशी आम्हाला घरी सोडणारी गाडी हॉर्न द्यायला लागली."

"गाडीत आठवलं नाही?"

"आठवलं गं. म्हटलं, राहू दे अजून थोडा वेळ."

मी तडक जाऊन आईला सांगितलं.

"माहीत आहे," आई म्हणाली. "दारात उभी होती ती. सावली दिसत होती मला."

"मग बोलली का नाहीस?"

"ती का आत आली नाही?"

आईला आता वेणी घालता येत नाही. रोज सकाळी काकूच घालते. आई तिच्याकडे पाठ करून बसते, दोघी चकार शब्द बोलत नाहीत. वेणी पुरी होईपर्यंत मी खोलीतून हलत नाही.