एका ‘नसावं’ची दुरुस्ती

नवऱ्याची बदली त्याच्याच गावाला, मोताळ्याला झाली तेव्हा मी पुण्यातली भाड्याची जागा सोडून सासरी राहायला आले. कंपनीनं नोकरी ठेवली, काम घरून करायचं ठरलं. घरी म्हणजे सासऱ्यांच्या खाटेला लागून असलेल्या टेबलावर, कारण टेलिफोनची तार तिथपर्यंतच पोचत होती. इंटरनेट त्याच तारेतून यायचं, आणि ते चालू असलं की फोन लागत नसे. सासूबाईंना बहिणीला फोन करायचा असला की त्या माझ्यामागे येऊन नुसत्या उभ्या राहत. त्यानं माझं काम फार लवकर आटपायचं.

सासूबाई मळ्यात भाजी पिकवायच्या आणि आठवडी बाजारात स्वतः विकायला बसायच्या. सासरे वीज खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झाले होते. मी मूळची मेहकरची, पण पुण्यात राहून माझं ‘मले’चं ‘मला’ झालं होतं आणि त्यावरून दोघंही मला चिडवत. मी ‘मला भूक नाही’ म्हटलं की सासूबाई म्हणत, “पुण्याच्या पावन्याले भूक नाई म्हन्ते.”

आमची कंपनी सोयाबीनमधला ओलावा मोजायचं यंत्र बनवत होती. ते यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यात बोलणं घडवून आणणारा प्रोग्राम माझ्याकडे होता. कॉम्प्युटरच्या सगळ्यात आतला, सगळ्यांवर देखरेख करणारा जो भाग असतो, त्याला कर्नल म्हणतात. आम्ही वापरत होतो तो कर्नल जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेला होता. कुणीही वाचावा, कुठं चुकलं वाटलं तर मेल पाठवून दुरुस्ती सुचवावी, अशी पद्धत.

तीन दिवस माझा कॉम्प्युटर यंत्राची तार जोडली की गोठत होता. माउस हलेना, काही हलेना. बटण दाबून बंद करायचा, पुन्हा चालू करायचा, पुन्हा तेच. चौथ्या दिवशी मी वैतागून कर्नलचाच तो भाग ओळीओळीनं वाचायला घेतला.

दोन प्रोग्रामांनी एकाच वेळी एकाच गोष्टीत हात घालू नये म्हणून तिथं लॉक असतं. ज्याच्याकडे लॉक, त्यानं काम करावं, बाकीच्यांनी थांबावं. मी ज्या फंक्शनला, म्हणजे कर्नलमधल्या एक ठरावीक काम करून देणाऱ्या तुकड्याला, बोलावत होते, त्याच्या डोक्यावर माहितीसाठी इंग्रजीत दोन ओळींची कमेंट लिहिली होती: बोलावणाऱ्यानं उपकरणाचं लॉक आधी हातात घेतलेलं असावं. मी शहाण्या मुलीसारखं ते घेऊन जात होते. आणि खालचा प्रत्यक्ष कोड वाचला तर आत शिरल्याबरोबर ते फंक्शन तेच लॉक पुन्हा मागत होतं! लॉक माझ्याकडेच. म्हणजे मी माझीच वाट पाहत उभी होते, आणि मी काही लॉक सोडणार नव्हते, कारण माझं काम व्हायचं होतं.

मी इतक्या मोठ्यांदा हसले की सासरे खाटेवर उठून बसले. “काय झालं व?”

मी त्यांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. “म्हंजे कोड बरोबर हाय, पन वरची पाटी चुकीची हाय.”

“हो. आधी पाटी बरोबर असणार. मागून कुणीतरी कोड बदलला आणि पाटी तशीच ठेवली.”

“मंग बदल ना पाटी. काऊन हासून राह्यली?”

हसण्यासारखं काय आहे ते त्यांना खरंच कळत नव्हतं. मग त्यांनी त्यांच्या उमेदीतली गोष्ट सांगितली. तेव्हा या भागात गावोगाव नव्यानंच वीज येत होती आणि ते नवे लाइनमन होते. एका ठिकाणी दोन लाइनींचे दोन खटके शेजारी शेजारी होते, वर पाट्या लावलेल्या. कुठल्याशा दुरुस्तीत तारांची अदलाबदल झाली, पाट्या तशाच राहिल्या. यांनी पाटी वाचून खटका पाडला, खांबाजवळ गेले आणि चढण्याआधी तारेवर साखळी टाकली. तार मेलेली आहे ना, हे बघायची ती रीत होती. साखळी पडताच असा जाळ झाला की सोबतचा माणूस पळून गेला.

“मी चढलो नोतो म्हून तुले सासरा हाय,” ते म्हणाले.

“मग काय केलंत?”

“कोळसा घेतला अन् पाट्या खोडून बरोबर लिवल्या. साहेब म्हने अर्ज द्या. म्हटलं, अर्ज उद्या देतो, तार आज जित्ती हाय.”

मी हसायची थांबले आणि त्याच दुपारी माझी पहिली दुरुस्ती पाठवली. ‘असावं’च्या जागी ‘नसावं’. मूळ इंग्रजीत तर एकच शब्द वाढवला होता, ‘नाही’ या अर्थाचा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तो भाग सांभाळणारे गृहस्थ कुठल्या तरी थंड देशातले होते आणि त्यांचं लिहिणंही तसंच होतं. माझ्या मेलच्या प्रोग्रामनं ओळी भलत्याच जागी तोडल्या आहेत, पुन्हा पाठवा. कमेंटमधल्या शब्दाबद्दल अवाक्षर नाही.

ओळी न तोडता पुन्हा पाठवलं. उत्तर: हे कधीपासून चुकीचं आहे, कोणत्या बदलामुळं, ते शोधून लिहा. दोन दिवस जुने बदल उकरले, तो सापडला. सासूबाई येताजाता विचारत, “झाला का व तुया तो एक शब्द?” मी नाही म्हटलं की त्या म्हणत, “एका शब्दाले आठवडा. अन् मले म्हन्ते भाजी निवडाले येळ लावता.”

त्या आठवड्यात बाजारातून परतताना त्यांच्याबरोबर एक बाई आल्या. हातात गंजलेली पत्र्याची पेटी, तिला गंजलेलं कुलूप. किल्ली होती, पण फिरत नव्हती.

“तुमची सून इदेशातले लॉक दुरुस्त करते म्हने,” बाई सासऱ्यांना म्हणाल्या, “हे तं इथलंच हाय.”

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या वांग्याची टोपली उतरवण्यात अचानक फार गुंतल्या होत्या. मी म्हटलं, “मावशी, मी ते लॉक... म्हणजे ते लॉक दिसत नाही.”

“दिसत नाई तं दुरुस्त कसं करतं?”

शेवटी सासऱ्यांनी कुलपात रॉकेल सोडलं, पेटी उन्हात ठेवली, सगळ्यांना चहा झाला, आणि मग किल्ली फिरली. पेटीत लग्नातली पैठणी निघाली, एका कडेला कसरीनं खाल्लेली. बाई तिच्यावरून हात फिरवत बराच वेळ बसल्या. जाताना मात्र त्यांनी आशीर्वाद मला दिला. सासरे म्हणाले, “लिवून ठेव, रॉकेल मी टाकलं.”

तिसऱ्या वेळी मी सगळं नीट करायचं ठरवलं. त्या फंक्शनमध्ये खरं तर दोन लॉक होती, एक उपकरणाचं आणि एक उपकरणांच्या यादीचं. मी कमेंट नव्यानं लिहिली आणि पाठवण्याआधी ऐटीत सासऱ्यांना मराठी करून वाचून दाखवली: “बोलावताना यादीचं लॉक हातात असावं. उपकरणाचं लॉक नसावं, फंक्शन ते स्वतः घेऊन सोडतं. काम झाल्यावर बोलावणाऱ्यानं ते सोडावं.”

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. “शेवटचं पुन्हा वाच.”

वाचलं.

“‘ते’ म्हंजे कोनतं?”

“यादीचं. उघड आहे, बाबा.”

“तुले उघड हाय. तू लिवलं. आमाले खांबावर चढाच्या परमिटवर ‘ती लाइन बंद करा’ असं लिवू देत नोते. दर खेपेला लाइनीचं नाव पुरं लिवा, हात दुखला तरी लिवा.”

“इंग्रजीत तसं वाटत नाही हो. वाचणारे इंजिनिअर असतात.”

“बरं बाई,” ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले. त्यांचं ‘बरं बाई’ मला आवडलं नाही, पण मी मेल पाठवून दिली.

सकाळी चहा घेत उत्तर उघडलं. थंड देशातल्या गृहस्थांनी यावेळी एकच ओळ लिहिली होती. शेवटच्या वाक्यातलं ‘ते’ म्हणजे दोहोंपैकी कोणतं लॉक?

मी स्क्रीन थोडी माझ्याकडे वळवली. सासरे इंग्रजी अक्षरं जोडून जोडून वाचत, आणि त्यांनी कधी न विचारता माझ्या स्क्रीनकडे पाहिलं नव्हतं. पण माझा चेहरा त्यांनी वाचला असावा.

“काय म्हन्तो तुया साहेब?”

“काही नाही.”

“‘ते’ कोनतं इचारलं काय?”

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं, पण घरात कोण हरलं आहे हे त्यांना भांड्यांच्या आवाजातूनही कळायचं. “काऊन हो, काय झालं?”

“काई नाई,” सासरे म्हणाले, “माया हाताखाली एक नवी लाइनमन लागली.”

मला राग आला होता. त्यांच्यावर नाही, त्या ‘उघड आहे’वर. तो दिवसभर टिकला. संध्याकाळी मी ‘ते’ काढून ‘यादीचं लॉक’ असं पुरं लिहिलं, मग प्रत्येक ओळीवर बोट ठेवून त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी आणखी दोन ठिकाणी अडवलं. एका ठिकाणी त्यांचं चुकलं होतं, आणि ते त्यांनी अजिबात मान्य केलं नाही.

चौथी खेप स्वीकारली गेली. उत्तरात दोनच शब्द होते: घेतलं, धन्यवाद. मी सासूबाईंना सांगितलं. “शब्द लागला?” त्या म्हणाल्या, “आता फोन सुटा कर.” आणि बहिणीला फोन लावून अर्धा तास माझंच कौतुक केलं, आतल्या खोलीपर्यंत ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, पण माझ्याकडे पाठ करून. कौतुकात मी अमेरिकेत कुठल्याशा मोठ्या कचेरीची पाटी बदलली होती. मी दुरुस्त करायला गेले नाही.

ओलाव्याचं यंत्र चालू झालं. वर्षभरानं आम्ही बुलढाण्याला राहायला गेलो, तरी सुट्टीच्या दिवशी मोताळ्याला येत होतोच. अशाच एका फेरीत मला अनोळखी माणसाची मेल आली. दूरच्या कुठल्या देशात शिकणारा विद्यार्थी होता. फार अदबीनं लिहिलं होतं की आपल्या कमेंटमध्ये ‘घेणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकलं आहे, एक अक्षर राहिलं आहे, ही त्याची दुरुस्ती, आपली संमती असावी.

पाहिलं तर खरंच. चार खेपा, थंड देशातले गृहस्थ, मी, सगळ्यांची नजर त्यावरून गेली होती.

सासऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी सासूबाईंना मळ्यातून हाक मारून बोलावलं. “हिच्या पाटीवर कोनी कोळसा मारला!”

“मंग त्याले हाव, चालते म्हनून कळव ना,” सासूबाई म्हणाल्या. “पोरगं वाट पाहत असन.”

मी दुरुस्ती नीट वाचली. अक्षर बरोबर जागी पडलं होतं. सगळं बरोबर होतं, फक्त त्याच्या मेलनं ओळी भलत्याच जागी तोडल्या होत्या. मी त्याला मनापासून आभार मानणारं लांबलचक उत्तर लिहिलं आणि शेवटी कळवलं की कृपया पुन्हा पाठवावं.