पितळेसारखा दिसणारा स्टोव्ह

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, मुलांना नाही, दादाला तर नाहीच. दोनतीनदा अगदी ओठांवर आली होती — आणि मी चहा मागितला, नाहीतर पाऊसपाण्याचं काहीतरी बोललो. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं. बघू.

वस्तू तशी किरकोळ. एक स्टोव्ह.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. माझा थोरला भाऊ, दादा, फौजेत होता. मी सांगलीत एका हळदीच्या पेढीवर कारकून. घर कुंडलला, तिथं वैनी आणि तिची तान्ही पोर. दादा रजेवर आला आणि वैनीचे डोळे बघून हबकला. चुलीच्या धुरानं ते लालभडक झाले होते, सारखं पाणी गळायचं. परत जाताना स्टेशनवर त्यानं माझ्या हातात पैसे ठेवले, मूठ मिटवली आणि म्हणाला, "सदा, तिला स्टोव्ह घे. विलायती, पितळंचा. सस्त्यातला आणू नगंस रं गड्या. आगीची चीज हाय."

मी व्हय म्हणालो. खरंच तसं करायचं मनात होतं. होतं ना? आता इतक्या वर्षांनी त्याचीही खात्री देववत नाही.

सांगलीत पेठेत एका म्हाताऱ्या मुसलमान दुकानदाराकडे गेलो. सगळे त्याला चाचा म्हणायचे. त्यानं दोन स्टोव्ह शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्ही पेटवून दाखवले. विलायती जड होता, एकसारखा घुमायचा. दुसरा इकडंच कुठंतरी बनवलेला — पातळ पत्र्याची टाकी, वरून पिवळं पॉलिश, बुडाला कथलाचा डाग देऊन जोडलेला. लांबून बघितलं तर दोन्हींत फरक कळत नव्हता. किमतीत मात्र निम्म्यानं फरक.

त्याच आठवड्यात पेढीच्या मालकाचा मुलगा मित्रांना मोटारीनं महाबळेश्वरला नेणार होता. मलाही म्हणाला होता, चल की. माझ्याकडे गरम कोट नव्हता, वर्गणीला पैसे नव्हते. मी उपाशी नव्हतो, कुणाचं देणं नव्हतं, घरात आजारपण नव्हतं — हे सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही माझ्यासाठी एखादं कारण शोधाल. त्या पोरांच्यात त्यांच्यासारखं दिसावं, एवढंच.

मी हलका स्टोव्ह घेतला.

चाचानं तो गुंडाळता गुंडाळता सांगितलं, "च्यापुरता ठीक हाय. लय येळ पेटता ठेवू नका. पंप बेतानं मारायचा, न्हाईतर बुडाचा डाग सुटंल. घरात बायामान्सांस्नी सांगा, बरं का?" मी मान डोलावली. हे नीट ऐका, कारण पुढं मी जे केलं ते अजाणतेपणी केलं नाही. मला माहीत होतं.

महाबळेश्वरला गेलो. मजा आली. हेही लपवत नाही.

मग स्टोव्ह घेऊन कुंडलला गेलो. वैनीनं त्याला हळदकुंकू लावलं. शेजारच्या बायका बघायला आल्या. तिनं पदरानं टाकी पुसत विचारलं, "विलायतीच न्हवं, भावजी?"

"व्हय, विलायतीच."

आणि पंपाचं? ते सांगायला काय लागत होतं — एक वाक्य. पण तेवढं सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, विलायती वस्तूला एवढं जपायचं कशाला? दादानं तिला सांगितलं होतं की विलायती स्टोव्ह दिवसभर पेटला तरी काही होत नाही. ते न सांगताच मी सांगलीची गाडी पकडली.

पुढच्या सुगीत निरोप आला. वैनी भाजली होती.

कामाला माणसं लावली होती, म्हणून सकाळपासून तिचा स्वयंपाक त्या स्टोव्हवरच चालला होता. बुडाचा डाग सुटला. राकेल पसरलं, पेटलं. पोर रांगत तिकडंच येत होती. वैनीनं पेटता स्टोव्ह दोन्ही हातांनी उचलला आणि दारातून अंगणात फेकला. पोरीला चटकाही बसला नाही.

सांगलीच्या दवाखान्यात मी तिला बघायला गेलो. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. मला बघून ती रडायला लागली — मला वाटलं दुखतंय. ती म्हणाली, "तुमच्या दादांनी एवढ्या हौसेनं आणवला, अन् म्या घालवला. काय चुकलं असंल ओ माझं?"

इथं मी बोलू शकलो असतो. खाटेजवळ दुसरं कुणी नव्हतं. मला फक्त खरं बोलायचं होतं, किंवा ते जमत नसेल तर निदान गप्प बसायचं होतं. मी काय म्हणालो माहीत आहे?

"वैनी, तुमी पंप लय मारलासा."

चाचानं दिलेला इशारा मी तिच्यापर्यंत पोचवला — असा, आरोप करून.

तिनं मान हलवली. "व्हय. मारला असंल."

गावी जाऊन मी तो फुटका स्टोव्ह दुरुस्तीच्या नावाखाली उचलला आणि कृष्णेत टाकून दिला. दादा सुट्टी काढून आला. त्यानं विचारलं, दुकानदाराला जाब विचारलास का? मी त्या दुकानाकडे फिरकलोही नव्हतो. म्हणालो, "इचारलं. त्यो म्हणला, माल चोख हुता, पंपच जास्ती मारला." चाचालाही मी सोडलं नाही. दादा भावकीदेखत वैनीवर ओरडला, "आडाणी बाई! हिच्या हातात विलायती चीज दिली, ही माझीच चूक." वैनी खाली मान घालून ऐकत होती. मी शेजारी बसलो होतो.

तिच्या उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. ती जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायची. तिच्या टाक्यासारखा टाका आळीत कुणाचा नव्हता. पुन्हा तिला सुई धरता आली नाही. दादानं दुसरा स्टोव्ह घेतला नाही. तिला परत चुलीपुढं बसावं लागलं, त्या हातांनी, त्या धुरात.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. सांगलीत बिऱ्हाड केलं. बायकोसाठी स्टोव्ह घ्यायला गेलो — दुसऱ्या दुकानात, चाचाच्या नाही. दुकानदार स्वस्तातले दाखवत होता, मी नको म्हणालो. सगळ्यात चांगला विलायती घेतला, घासाघीस न करता. माझ्या घरात आग लागू नये म्हणून.

वैनी नवं बिऱ्हाड बघायला आली. सोबत पोर होती, आता चांगली धावणारी. मी आतल्या खोलीत कपडे बदलत होतो. बायकोनं चहासाठी स्टोव्ह पेटवला तशी वैनीनं पोरीला ओढून जवळ घेतलं आणि उंबऱ्यापाशीच थांबली. बायको म्हणाली, "या की आत, जाऊबाई."

"नगं बाई. हितनंच बघती," वैनी म्हणाली. "पंप बेतानं मार गं. मला कुणी शिकवलं न्हवतं, अन् मला अक्कलबी न्हाई. भावजींनी एवढा चांगला आणला हुता. त्यांचा काय दोष न्हाई त्यात."

मी दाराशी उभा होतो. शर्टाची बटणं लावून झाली होती. स्टोव्ह विझला, वैनी आत आली. बायकोनं दोनदा हाक मारली, चहा झालाय म्हणून.

मी बाहेर आलो, बसलो, आणि वैनीनं दोन्ही तळव्यांत धरून पुढं केलेला कप घेतला.