साळवे सिस्टरांचा पंप

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, कुणी कुणाबद्दल लिहिलंही नाही. मी लिहावं की नाही, हेच कळत नाही. काही उणं राहिलं तर ते माझं, साळवे सिस्टरांचं नव्हे.

सावेडीत मी त्यांच्या वरच्या खोलीत राहतो. सिस्टर निवृत्त नर्स, एकट्या. सकाळी चहाच्या आधी त्या हॉलमधल्या माशांच्या टाकीमागे हात घालत आणि पाइपावर दोन बोटं ठेवत, नाडी बघावी तशी. टाकीतलं पाणी खालच्या कपाटातल्या गाळणीच्या टाकीत उतरायचं. पंप ते परत वर चढवायचा. "हा फार वेळ थांबला की मासे गुदमरतात," त्या सांगत.

उन्हाळ्यात पंप धडधडू लागला. नेमकं तेव्हाच सिस्टरांना कसल्याशा तपासण्यांसाठी नाशिकला भाचीकडे जायचं होतं. मासे माझ्यावर सोपवायचे, तर पंप भरवशाचा हवा. म्हणून आम्ही दोघं नवा घ्यायला दुकानात गेलो.

दुकानदारानं सगळ्यात मोठं खोकं पुढं केलं. "सिस्टर, ह्यो घ्या. लई पाणी फेकतो."

"खोक्यावरचं नको सांगू. माझ्या टाकीपर्यंत चढल्यावर किती उरतं?"

"चढतंय की!"

"जिना सगळेच चढतात. वर गेल्यावरची धाप बघायची असते."

त्यांनी घरून टाकीच्या उंचीची दोरी मापून आणली होती. दुकानदाराला तेवढा पाइप धरून स्टुलावर उभं केलं आणि घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवून एकेका पंपानं बादली भरून पाहिली.

"सिस्टर, माझी बी नाडी बघता का आता?"

"हलू नकोस. पाणी सांडतंय."

मी चाचरत म्हणालो, "मोठाच घेऊ ना. काळजी नको."

"तो भसाभसा वर ओतेल. तेवढं खाली उतरणार कुठून? वरची टाकी सांडेल, खालची कोरडी पडेल." मग थांबून म्हणाल्या, "वॉर्डात मोठं झालेलं हृदय घेऊन आलेली माणसं पाहिलीत मी. मोठं म्हणजे बळकट नव्हे, बाळा."

मधला पंप घेतला. घरी बसवून त्यांनी स्वतःच बटण बंद केलं. वरचं थोडं पाणी खाली उतरलं, खालची टाकी काठाशी येऊन थांबली. "आता रात्री तासभर लाइट गेली तरी पाणी सांडणार नाही. खुशाल झोप." माझी बोटं धरून त्यांनी पाइपावर ठेवली.

नाशिकहून रोज फोन यायचा. "नाडी?"

"लागतेय, सिस्टर."

एका सकाळी फोनवर भाची होती. मावशी गेली, म्हणाली. हृदय कित्येक वर्षांपासून मोठं झालं होतं. मावशीला स्वतःला ठाऊक होतं, कुणाला बोलली नाही.

फोन कानाशी तसाच धरून मी टाकीमागे हात घातला. पाणी चढत होतं.